खरूज खरजेसारखी दिसत नाही तेव्हा: ओळख, तपासणी आणि उपचार, एकेका पायरीने

बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ, रात्री वाढणारी खाज, घरातली दोघं-तिघं एकाच वेळी खाजवत बसलेली. खरजेचं हे चित्र बहुतेकांच्या ओळखीचं असतं. अडचण होते ती वेगळ्या रूपात आलेल्या खरजेची. तान्ह्या बाळाच्या तळपायांवर पाण्याचे फोड येतात. अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या पाठीला सतत खाज सुटते, पण पुरळ जवळजवळ दिसतच नाही. कुणाच्या तळहातांवर जाड खपल्या धरतात आणि खाज मात्र नावालाही नसते. अशी माणसं इसब, सोरायसिस, ॲलर्जी किंवा ‘वयामुळे कोरडी पडलेली कातडी’ या नावाखाली महिनोन्‌महिने औषधं घेत राहतात. तेवढ्या काळात लागण भोवतालच्या माणसांत पसरत जाते.

हा लेख अशाच खरजेसाठी आहे. पुरळ फसवतं, पण ते अंगावर कुठे आहे, कधीपासून आहे आणि सोबत आणखी कोण खाजवतंय या तीन गोष्टी सहसा फसवत नाहीत. निदान चुकतं ते बहुधा या तीन गोष्टी विचारायच्या राहून गेल्यामुळे.

आधी किडा समजून घ्या

खरूज होते ती सार्कोप्टीस स्कॅबिआय नावाच्या, आठ पायांच्या एका सूक्ष्म जीवामुळे. मादी जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटरची असते. ती कातडीच्या सर्वांत वरच्या थरात बीळ करत पुढे सरकते, रोज दोन-तीन अंडी घालते आणि महिना-दीड महिना जगते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात आणि साधारण दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते.

नेहमीच्या खरजेत अख्ख्या अंगावर मिळून असे दहा-पंधराच किडे असतात. म्हणजे अंगभर दिसणारं पुरळ प्रत्येक ठिकाणी किडा आहे म्हणून उठलेलं नसतं. किडा, त्याची अंडी आणि त्याची विष्ठा यांना शरीराने दिलेली ती प्रतिक्रिया असते. पहिल्यांदा लागण होते तेव्हा ही प्रतिक्रिया तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर खाज नसते, पण लागण दुसऱ्याला देता येते. आधी खरूज होऊन गेली असेल तर एक ते चार दिवसांतच खाज सुरू होते.

खरजेची सगळी वेगळी रूपं इथूनच निघतात. प्रतिक्रिया जोरदार झाली तर गाठी आणि फोड येतात. प्रतिकारशक्ती क्षीण असेल तर खाज कमी होते आणि किडे बेसुमार वाढतात. स्टिरॉइडने प्रतिक्रिया दाबली तर पुरळ ओळखू येईनासं होतं.

पहिली पायरी: कातडीकडे बघण्याआधी विचारा

गेल्या दोन महिन्यांत या व्यक्तीच्या अंगाला अंग लागेल इतक्या जवळ कोण होतं? एका अंथरुणात झोपणारी माणसं, बाळाला कडेवर घेणारे, आजारी माणसाला उचलणारे-पुसणारे, शरीरसंबंध असलेला जोडीदार. त्यांच्यापैकी कुणाला खाज आहे? ‘घरात कुणाला त्रास आहे का’ असं मोघम विचारलं की उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं येतं. एकेका माणसाचं नाव घेऊन विचारलं तर वेगळं ऐकायला मिळतं. कुणाला आठवडाभर कंबरेला खाज असते आणि त्याने ती घामोळं म्हणून सोडून दिलेली असते.

मग वेळ. खाज रात्री किंवा ऊब मिळाल्यावर वाढते का? झोपमोड होते का? आणि शेवटी आतापर्यंत काय काय लावलं, हा प्रश्न. त्यासाठी वापरलेल्या मलमांच्या सगळ्या नळ्या समोर ठेवायला सांगा. या प्रश्नाचं महत्त्व पुढे कळेल.

खरजेच्या निदानासाठी २०२० साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने निकष प्रसिद्ध केले. त्यांनुसार पुरळ किंवा त्याची जागा नेहमीसारखी नसली, तरी खाज आणि बाधित व्यक्तीशी संपर्क या दोन्ही गोष्टी असतील तर ‘संशयित खरूज’ म्हणता येतं. आडवळणाच्या खरजेत विचारपूस किती मोलाची आहे, हे यावरून लक्षात यावं.

दुसरी पायरी: पूर्ण अंग तपासा

चांगला उजेड हवा, शक्य असेल तर भिंगही. कपड्यांवरून नजर फिरवून खरूज सापडत नाही. बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, कोपर, काखा, स्तनाग्रांभोवतीचा भाग, बेंबी, कंबर, नितंबांचा खालचा भाग, जांघा आणि जननेंद्रिय या क्रमाने बघत जा. पुरुषाच्या शिश्नावर किंवा वृषणाच्या कातडीवर खाजणारे उंचवटे असतील तर खरजेचा संशय फारच बळावतो. लाजेपोटी रुग्ण हा भाग दाखवत नाही आणि संकोचापोटी तपासणाराही विचारत नाही. केवळ एवढ्यामुळे चुकलेली निदानं थोडी नाहीत.

शोधायचं ते बीळ. पाच ते दहा मिलिमीटर लांबीची, किंचित नागमोडी, राखाडी किंवा कातडीच्याच रंगाची रेघ असते. खाजवून खाजवून ती पुसली जाते, सावळ्या कातडीवर चटकन दिसत नाही आणि रोज स्वच्छ आंघोळ करणाऱ्या माणसात तर अशा एक-दोनच रेघा सापडतात. म्हणूनच ‘आमच्याकडे इतकी स्वच्छता असते, खरूज कशी होईल?’ या प्रश्नावर विसंबून राहू नका. खरूज अंगाला अंग लागून पसरते. अस्वच्छतेतून ती उपजत नाही. स्वच्छ माणसात ती कमी दिसते एवढंच, आणि त्यामुळे उशिरा ओळखू येते.

तिसरी पायरी: माणूस पाहून रूप ओळखा

तान्ह्या बाळांत खरूज मोठ्यांचे नियम पाळत नाही. मोठ्यांत सहसा मोकळे राहणारे भाग, म्हणजे चेहरा, डोकं, मान, तळहात आणि तळपाय, बाळांत हमखास बाधित होतात. पुरळाऐवजी पाण्याचे किंवा पुवाचे फोड येतात. काखेत आणि धडावर तपकिरी-लालसर गाठी उठतात. बाळाला नीट खाजवता येत नाही, त्यामुळे ते किरकिरं होतं, दूध कमी पितं, झोपत नाही. बाळाच्या तळपायांवर फोड दिसले तर आधी आईची मनगटं, स्तन आणि पोट बघा. बऱ्याचदा निदान तिथेच होतं.

वय झालेल्या माणसांत उलट घडतं. प्रतिक्रिया मंद असते, त्यामुळे खाज पुष्कळ आणि पुरळ थोडं. अंथरुणाला टेकलेली पाठ आणि नितंब, कधी डोकंही बाधित होतं. काही वृद्धांत मोठाले, ताणलेले पाण्याचे फोड येतात आणि ते बुलस पेम्फिगॉइड या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटल्याने होणाऱ्या फोडांच्या आजारासारखे हुबेहूब दिसतात. कधी कधी त्या आजारासाठीच्या प्रयोगशाळेतल्या तपासण्याही होकारार्थी येतात. मग जोरदार स्टिरॉइड सुरू होतात आणि किड्यांना रान मोकळं मिळतं. वृद्धाला नव्याने सुरू झालेली, न थांबणारी खाज असेल तर तिला वयाच्या माथी मारण्याआधी खरूज नाही याची खात्री करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. त्यांची काळजी घेणाऱ्या व्यक्तीचे हात आणि मनगटंही त्याच वेळी तपासावीत.

सर्वांत गंभीर रूप म्हणजे खपल्यांची खरूज. १८४८ साली डॅनियलसन आणि बोक या नॉर्वेतल्या वैद्यांनी कुष्ठरुग्णांमध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला पुढे ‘नॉर्वेजियन खरूज’ म्हणू लागले. हिच्यात किड्यांची संख्या हजारांवर, कधी लाखांवर जाते. हात, पाय, कोपर, डोकं आणि कान यांवर पिवळट-राखाडी, जाड, भेगाळलेल्या खपल्या धरतात. नखं जाड आणि वेडीवाकडी होतात, त्यांच्याखाली भुसा साचतो. खाज कमी असते किंवा नसतेच, आणि घात होतो तो इथेच. खाज नाही म्हणून खरजेचा विचारच होत नाही आणि सोरायसिसचं औषध सुरू होतं. एचआयव्ही किंवा एचटीएलव्ही-१ (प्रतिकारशक्तीच्या पेशींना बाधणारा आणखी एक विषाणू) यांची लागण, अवयव प्रत्यारोपण, कर्करोगाचे उपचार, बरेच दिवस घेतलेले स्टिरॉइड, डाउन सिंड्रोम, कुष्ठरोग, अर्धांगवायू किंवा मतिमंदत्वामुळे खाज न जाणवणं वा खाजवता न येणं, अशी पार्श्वभूमी असेल तर जाड खपल्यांना सोरायसिस म्हणण्याआधी एक खपली सूक्ष्मदर्शकाखाली बघायलाच हवी. भेगांमधून जिवाणू रक्तात शिरून जिवावर बेतू शकतं. भोवतालच्या लोकांसाठीही ही खरूज अत्यंत संसर्गजन्य असते. एखाद्या वॉर्डात किंवा वृद्धाश्रमात कर्मचाऱ्यांना पाठोपाठ खाज सुटू लागली, तर तिथे खपल्यांची खरूज असलेलं, न ओळखलं गेलेलं कुणीतरी आहे का, हे पहिल्यांदा शोधा.

दुसरं फसवं रूप आपणच तयार करतो. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांसारखी स्टिरॉइडची मलमं, किंवा बुरशी, जिवाणू आणि खाज या सगळ्यांवर एकदम म्हणून मिळणारी मिश्र मलमं लावली की चार दिवस बरं वाटतं. लाली ओसरते, खाज उतरते. किडे मात्र जागेवरच असतात, उलट वाढतात. पुरळ आपल्या नेहमीच्या जागा सोडून भलतीकडे पसरतं आणि गजकर्ण, इसब किंवा तारुण्यपीटिकांसारखं दिसू लागतं. नळी संपली की दुप्पट जोराने खाज परतते. ‘मलम लावलं की बरं, थांबवलं की पुन्हा’ असं सांगणाऱ्या माणसात खरजेचा विचार करायलाच हवा. शक्य असेल तर स्टिरॉइड बंद करून काही दिवसांनी पुन्हा तपासा. तेवढ्यात खरं रूप वर येतं.

काखा, जांघा, वृषण आणि शिश्न यांवर लालसर-तपकिरी, घट्ट, अतिशय खाजऱ्या गाठी येतात तेव्हा रुग्ण गुप्तरोगाच्या किंवा कर्करोगाच्या भीतीने हवालदिल झालेला असतो. ही खरजेची तीव्र प्रतिक्रिया असते. किडे मेल्यावरही या गाठी काही आठवडे, कधी काही महिने टिकतात. त्या टिकल्या म्हणून मारक औषध पुन्हा पुन्हा लावत बसू नये.

स्तनाग्रांभोवती चिकट, खपलीदार इसब दोन्ही बाजूंना असेल तर खरूज असू शकते. मात्र एकाच बाजूला असेल आणि बरं होत नसेल, तर स्तनाच्या पॅजेट रोगासाठी (स्तनाग्रावर इसबासारखा दिसणारा कर्करोग) कातडीचा तुकडा तपासणं टाळू नका. काहींना नुसत्याच गांधी उठतात आणि ॲलर्जीच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालतात. डोक्यात खरूज शिरली तर कोंड्यासारखी दिसते. नखाखाली किडे राहिले तर उपचारानंतर तीच परतीची वाट ठरते.

कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसालाही चावतो. खाज तासाभरात किंवा दिवसाभरात सुरू होते, पुरळ प्राणी जिथे अंगाला लागतो तिथे, म्हणजे हात, पोट, मांड्यांवर येतं. बिळं नसतात. हा किडा माणसावर वंश वाढवू शकत नाही. प्राण्यावर उपचार झाले की माणसाचा त्रास आपोआप थांबतो.

चौथी पायरी: खात्री करा

बीळ असल्याचा संशय असेल तिथे फाउंटन पेनची शाई किंवा मार्कर फिरवा, लगेच स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. वरची शाई निघून जाते आणि बिळात शिरलेली शाई बारीक रेघ होऊन उरते. दवाखान्यात डर्मोस्कोप (कातडी मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग) असेल तर रेघेच्या टोकाला छोटा गडद त्रिकोण दिसतो. तो म्हणजे किड्याच्या शरीराचा पुढचा भाग. तिथलीच कातडी हलक्या हाताने खरवडून तेलाच्या थेंबात घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की किडा, अंडी किंवा विष्ठेचे कण सापडतात.

अंगावर किडेच दहा-पंधरा असतात, तेव्हा खरवड रिकामी निघाली म्हणून खरूज नाही असं ठरत नाही. खपल्यांच्या खरजेचं तसं नाही. तिथे एका खपलीतही भरपूर किडे दिसतात. त्यामुळे ती तपासणी न करण्याला काहीच सबब नाही.

पाचवी पायरी: सगळ्यांवर एकाच रात्री उपचार

खरजेचे उपचार फसतात ते बहुतेक वेळा औषधामुळे नव्हे, लावण्याच्या पद्धतीमुळे. ५ टक्के परमेथ्रिन क्रीम हा पहिला पर्याय. प्रौढाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं. थंड, कोरड्या अंगावर मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावा. गरम आंघोळीनंतर लगेच नको. जिथे पुरळ आहे तिथेच लावून थांबू नका. नखांखाली (आधी नखं कापा), बोटांच्या बेचक्यांत, बेंबीत, नितंबांच्या फटीत, जननेंद्रियावर, तळपायांवर सगळीकडे क्रीम पोहोचलं पाहिजे. तान्ही बाळं आणि वृद्ध यांच्या डोक्याला, चेहऱ्याला, कानांमागेही लावा. डोळे आणि तोंड टाळा. ८ ते १४ तास ठेवून धुवा. मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. बाळ हात तोंडात घालतं म्हणून मोजे घाला. सात दिवसांनी हे सगळं पुन्हा एकदा, खाज थांबली असली तरी.

आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनानुसार, दर किलोला २०० मायक्रोग्रॅम या प्रमाणात, जेवणासोबत देतात. ते अंड्यांवर परिणाम करत नाही, म्हणून एक ते दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागतेच. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गर्भवतींना ते सहसा देत नाहीत. दोन महिन्यांहून लहान बाळांसाठी ५ ते १० टक्के गंधकाचं मलम हा जुना पण उपयोगी पर्याय आहे. मात्र इतक्या लहान बाळावर कुठलाही उपचार डॉक्टरांना विचारूनच करावा. जनावरांसाठीचं आयव्हरमेक्टिन, कीटकनाशकं किंवा रॉकेल माणसाच्या अंगावर कदापि वापरू नये.

ज्यांच्या अंगाला अंग लागतं ते सगळे, खाज असो वा नसो, त्याच रात्री क्रीम लावतील याची व्यवस्था करा. हा सगळ्यांत कंटाळवाणा भाग आहे आणि सगळ्यांत महत्त्वाचाही. एक माणूस आठवडाभराने लावतो, तोवर किडे पुन्हा फिरून आलेले असतात. कागदावर नावं लिहा, प्रत्येकासमोर दोन्ही तारखा लिहा.

खपल्यांच्या खरजेला घरगुती उपचार पुरत नाहीत. तिथे पहिल्या, दुसऱ्या, आठव्या, नवव्या आणि पंधराव्या दिवशी आयव्हरमेक्टिन, आजार फारच असेल तर आणखी दोन मात्रा, सोबत आठवडाभर रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा परमेथ्रिन, शिवाय खपल्या मऊ करणारं युरिया किंवा सॅलिसिलिक ॲसिडचं मलम द्यावं लागतं. रुग्णालयात वेगळी खोली आणि हातमोजेही हवेत.

फोडांत पू झाला असेल तर त्याचा उपचार वेगळा करावा लागतो. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू शिरले तर मूत्रपिंडांना सूज येऊ शकते. खरूज झालेल्या मुलाचे डोळे सुजले, लघवी तांबूस किंवा गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

सहावी पायरी: कपडे आणि अंथरूण, पण बेताने

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केनेथ मेलनबी यांनी इंग्लंडमध्ये शेफील्ड इथे स्वयंसेवकांवर प्रयोग केले. खरजेच्या रुग्णांनी वापरलेले कपडे आणि अंथरुणं वापरूनही लागण क्वचितच झाली. ती होत होती ती माणसांच्या निकट सहवासातून. माणसापासून वेगळा झालेला किडा साधारणपणे दोन-तीन दिवसांत मरतो. म्हणून गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी आणि टॉवेल ५० अंश सेल्सियसहून गरम पाण्यात किमान दहा मिनिटं राहतील असे धुवा. धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. घरभर औषध फवारण्याची गरज नाही. त्यासाठी लागणारी मेहनत संपर्कातल्या माणसांना शोधण्यावर खर्च करा. खपल्यांची खरूज याला अपवाद आहे. तिथे गळून पडलेल्या खपल्यांतही जिवंत किडे असतात. गाद्या, खुर्च्या, फरशी यांची नीट सफाई तिथे उपचाराचाच भाग मानावी.

सातवी पायरी: नंतरचे आठवडे

किडे मेल्यावरही त्यांचे अवशेष कातडीत राहतात, त्यामुळे खाज दोन ते चार आठवडे टिकू शकते. या काळात घाबरून परमेथ्रिन रोज लावलं तर त्यानेच कातडी चुरचुरते आणि नवं इसब उठतं. मॉइश्चरायझर, खाजेची गोळी आणि किडे मेल्याची खात्री झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस सौम्य स्टिरॉइड, एवढं पुरतं.

उपचार फसला असं केव्हा म्हणायचं? नवी बिळं किंवा नवे उंचवटे दिसले तर, चार-सहा आठवड्यांनंतरही खाज जराही कमी झाली नाही तर, किंवा पूर्ण थांबून पुन्हा सुरू झाली तर. अशा वेळी लगेच औषधाला दोष देऊ नका. परमेथ्रिनचा परिणाम कमी होत असल्याच्या नोंदी वाढत आहेत हे खरं, पण आधी तो नावांचा कागद काढा: कोण राहिलं, कुणी दुसऱ्यांदा लावलं नाही, कुणाच्या नखांखाली क्रीम गेलंच नाही. तिथे काही सापडलं नाही, तरच डॉक्टरांशी औषध बदलण्याबद्दल बोला.

नखं बाधित झालेल्या रुग्णांवर जास्त काळ लक्ष ठेवावं लागतं. हाताचं नख मुळापासून टोकापर्यंत नवं यायला साधारण सहा महिने लागतात. तोवर नखं आखूड ठेवा, नखाखालचा भुसा अधूनमधून सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या आणि सोबत राहणाऱ्यांची मनगटं त्याच वेळी तपासा.